दीर्घिकांची शिरगणती

2007 साल उजाडण्याच्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक विद्यार्थी केविन शाविन्स्की संगणकाच्या पडद्यावर दीर्घिकांची छायाचित्रे निवडत बसले होते. चित्र उघडायचे, दीर्घिका लंबगोल आहे की सर्पिल ते ठरवायचे, नोंद करायची आणि पुढचे चित्र घ्यायचे. जेमतेम आठवडाभरात त्यांनी सुमारे 50,000 दीर्घिका अशा नजरेखालून घातल्या. काम थकवणारे होतेच, पण खरी अडचण पुढे होती. ज्या सर्वेक्षणातून ही चित्रे आली होती, त्यात तशाच आणखी आठ लाखांहून अधिक दीर्घिका वाट पाहत होत्या.

एका माणसाने त्या पाहणे अशक्य होते आणि संगणकाला ते काम जमत नव्हते. या पेचातून जे उभे राहिले, ते माझ्या मते या शतकातल्या विज्ञानाच्या इतिहासातले एक सुंदर प्रकरण आहे. खगोलशास्त्रज्ञांनी सामान्य माणसांना मोजणीसाठी बोलावले आणि त्या माणसांनी, कोणी सांगितलेले नसताना, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले.

आकारावरून दीर्घिकांची विभागणी करण्याची पद्धत एडविन हबल यांनी 1926 मध्ये घालून दिली. माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीतून घेतलेल्या काचपट्ट्यांवर त्यांना दोन मोठी कुळे दिसली होती. एकात गुळगुळीत, लंबगोल दीर्घिका आणि दुसऱ्यात फिरत्या भुजांच्या सर्पिल दीर्घिका. आपली आकाशगंगा दुसऱ्या कुळातली. पुढच्या पिढ्यांना कळत गेले की आकार म्हणजे दीर्घिकेचे चरित्रच असते. सर्पिल दीर्घिकेच्या भुजांत वायू शिल्लक असतो, तिथे नवे तारे जन्मतात आणि तरुण, तप्त ताऱ्यांमुळे ती निळसर दिसते. लंबगोल दीर्घिकेत बहुधा वायू संपत आलेला असतो आणि म्हाताऱ्या ताऱ्यांचा तांबूस प्रकाश उरतो. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या असतील तर त्याच्या खुणा, ओढल्या गेलेल्या शेपट्या, वाकलेल्या तबकड्या, चित्रात डोळ्यांना दिसतात.

जोवर छायाचित्रे हजारांत होती, तोवर दोन-चार तज्ज्ञ ती पाहून याद्या बनवत. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेने ही पद्धत मोडीत काढली. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अपाचे पॉइंट वेधशाळेतली 2.5 मीटर व्यासाची दुर्बीण 2000 सालापासून आकाशाचा मोठा भाग पट्ट्यापट्ट्यांनी टिपत होती. सारी माहिती थेट संगणकात जात होती आणि ती जगातल्या कोणालाही पाहायला खुली होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले अलेक्झांडर सालाय आणि मायक्रोसॉफ्टमधले संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी त्यासाठी मोठे कोठार उभारले होते. पुढे जे घडले त्याची अर्धी तयारी या खुलेपणात होती, आणि त्याचे श्रेय या दोघांना क्वचितच दिले जाते.

मग संगणकाला रंगावरून निवड का करू द्यायची नाही? तांबूस ती लंबगोल, निळसर ती सर्पिल, असा ढोबळ नियम होता आणि बहुतेक वेळा तो बरोबरही यायचा. पण शाविन्स्की नेमक्या त्या दीर्घिकांच्या शोधात होते ज्या हा नियम मोडतात. आकाराने लंबगोल असूनही निळ्या, म्हणजे अजून तारे घडवणाऱ्या दीर्घिका त्यांना हव्या होत्या. रंगाने निवड केली असती तर त्या सुरुवातीलाच चाळणीतून गळून पडल्या असत्या. आकार ओळखायचा तर आकारच पाहायला हवा होता, आणि त्या काळी ते काम माणसाच्या डोळ्याइतके चांगले कोणतीही आज्ञावली करत नव्हती.

ऑक्सफर्डमधल्या रॉयल ओक नावाच्या पबमध्ये शाविन्स्की आणि त्यांचे सहकारी ख्रिस लिंटट यांच्यात या पेचावर चर्चा झाली, असे ते दोघेही सांगत आले आहेत. त्यांच्यासमोर एक ताजे उदाहरण होते. ‘स्टारडस्ट’ यानाने धूमकेतूची धूळ पृथ्वीवर आणली होती. त्याच यानावरच्या एरोजेल या अतिहलक्या पदार्थात आंतरतारकीय धुळीचे मोजके कण रुतले असावेत, असा अंदाज होता. ते शोधण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने 2006 मध्ये सूक्ष्मदर्शकाची चित्रे लोकांपुढे ठेवली आणि हजारो लोक ती तपासायला बसले. लोक धुळीचे कण शोधायला तयार असतील तर दीर्घिका पाहायला नक्कीच येतील, असा या दोघांनी हिशेब मांडला.

या हिशेबातून 11 जुलै 2007 रोजी ‘गॅलक्सी झू’ हे संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले. लिंटट बीबीसीच्या ‘द स्काय ॲट नाइट’ या जुन्या कार्यक्रमातून प्रेक्षकांना परिचित होते आणि बातमीही बीबीसीवर झळकली. काम दोन वर्षे तरी चालेल, असे कर्त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात लोकांची अशी झुंबड उडाली की सर्व्हर कोलमडला आणि जॉन्स हॉपकिन्समधल्या सहकाऱ्यांना तो धावपळ करून पुन्हा उभा करावा लागला. चोवीस तासांच्या आत तासाला जवळपास 70,000 नोंदी येऊ लागल्या. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख लोकांनी 5 कोटींहून अधिक नोंदी केल्या.

पडद्यावर एक दीर्घिका आणि बाजूला सहा बटणे, एवढाच मामला होता. लंबगोल, घड्याळाच्या दिशेने फिरणारी सर्पिल, उलट दिशेने फिरणारी सर्पिल, कडेने दिसणारी तबकडी, एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिका, आणि शेवटचे बटण तारा किंवा काही कळत नाही यासाठी. सुरुवातीला थोडे शिकवून छोटी चाचणी घेतली जायची. पदवी कोणी विचारत नव्हते. पण एका गोष्टीचे भान मांडणीत पक्के होते. कोणा एकाच्या उत्तरावर विसंबायचे नाही. नोव्हेंबर 2007 अखेरपर्यंत सुमारे 83,000 लोकांनी 3 कोटी 46 लाख वेळा बटण दाबले होते, म्हणजे प्रत्येक दीर्घिका सरासरी 38 वेळा पाहिली गेली होती.

या 38 नजरांचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. एकटा तज्ज्ञ सांगतो की ही दीर्घिका सर्पिल आहे. तो किती खात्रीने सांगतो आहे, हे यादीत उतरत नाही. 38 जणांपैकी 36 जण सर्पिल म्हणाले तर विषय संपला, आणि 20 जण म्हणाले तर ती दीर्घिका खरोखरच संदिग्ध आहे, हेही कळले. लोकांमधला मतभेदच मोजमाप बनला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या निकालांची तज्ज्ञांच्या याद्यांशी तुलना केली गेली आणि ते त्यांच्या तोडीचे ठरले.

लोकांची चूक मोजायची कशी, याचा धडाही लवकरच मिळाला. सर्पिल दीर्घिका एका विशिष्ट दिशेने जास्त फिरताना दिसतात, असा दावा अमेरिकेतले मायकेल लोंगो यांनी त्या सुमारास केला होता. तो खरा असता तर विश्वाला दिशेचे भान आहे असे मानावे लागले असते आणि विश्वरचनाशास्त्राचा पायाच हलला असता. गॅलक्सी झूच्या आकड्यांतही उलट दिशेच्या सर्पिलांची संख्या जास्त भरली. केट लँड आणि सहकाऱ्यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. त्यांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटवून लोकांना पुन्हा दाखवली. विश्वाची रचना तशी असती तर आता घड्याळाच्या दिशेचे पारडे जड व्हायला हवे होते. तसे झाले नाही. लोकांनी पुन्हा उलट दिशाच जास्त निवडली. पक्षपात विश्वात नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेत होता. हे स्वच्छपणे छापले गेले, आणि माझ्या दृष्टीने गॅलक्सी झूवर विश्वास ठेवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

पण या इतिहासाचे मोल केवळ अचूक मोजणीत नाही. ऑगस्ट 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या एक शाळाशिक्षिका हॅनी व्हान आर्केल आयसी 2497 ही दीर्घिका पाहत होत्या. ‘क्वीन’ या रॉक बँडचे गिटारवादक आणि खगोलशास्त्राचे अभ्यासक ब्रायन मे यांच्या लेखनातून त्यांना या उपक्रमाची माहिती मिळाली होती. दीर्घिका सर्पिल होती, त्याचे बटण होते. पण तिच्या खाली एक निळसर, विस्कटलेला डाग होता आणि त्यासाठी कोणतेही बटण नव्हते. हॅनींनी विचारले, हे काय आहे?

तज्ज्ञांपाशी उत्तर नव्हते. या वस्तूला डच भाषेतल्या वस्तू या अर्थाच्या शब्दावरून ‘हॅनीज फोरवेर्प’ असे नाव पडले आणि मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. वर्णपट घेतल्यावर कळले की हा वायूचा प्रचंड ढग आहे, सुमारे 65 कोटी प्रकाशवर्षे दूर, आपल्या आकाशगंगेच्या तोलाचा. त्यातला ऑक्सिजन तीव्र किरणांनी उद्दीपित होऊन हिरवा प्रकाश देत होता. चक्रावणारी गोष्ट पुढेच होती. ढगाला पेटवेल एवढा प्रखर स्रोत जवळपास कुठेच दिसत नव्हता. आयसी 2497 च्या केंद्रातले कृष्णविवर एकेकाळी क्वेसार म्हणून धगधगत होते आणि नंतर ते मंदावले, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि क्ष-किरण निरीक्षणांनी त्याला बळ दिले. थेट आपल्याकडे येणारा प्रकाश मंदावलेल्या केंद्राचा आहे. ढगावर पडून, लांबच्या वाटेने येणारा प्रकाश मात्र आधीच्या, धगधगत्या काळाचा आहे. क्वेसार एवढ्या झपाट्याने, खगोलीय मापाने फार तर 2 लाख वर्षांत, विझू शकतो, याचा असा पुरावा आधी हाती नव्हता. 2009 च्या शोधनिबंधात हॅनींचे नाव सहलेखक म्हणून छापले गेले. हबल दुर्बिणीने टिपलेले त्या हिरव्या ढगाचे चित्र जानेवारी 2011 मध्ये जगापुढे आले. स्वयंसेवकांनी मग असे आणखी ढग शोधायचे ठरवले आणि अशा वस्तूंचा एक छोटा संग्रहच तयार झाला.

दुसरी कथा एका माणसाची नाही, एका जमावाची आहे. काही स्वयंसेवकांना चित्रांच्या कडेला बारीक, गोल, हिरवे ठिपके दिसत होते. तारे हिरवे दिसत नाहीत, दीर्घिकाही सहसा दिसत नाहीत. त्यांनी या ठिपक्यांना थट्टेने मटारचे दाणे म्हणायला सुरुवात केली आणि ते गोळा करू लागले. थट्टा लवकरच गंभीर झाली. खुल्या कोठारातून वर्णपट कसे काढायचे, वर्णरेषा कशा वाचायच्या, हे त्यांनी एकमेकांना शिकवले. खरे मटार कोणते आणि दिसायला तसे पण वेगळेच काही असलेले कोणते, याचे निकष त्यांनी ठरवले. येल विद्यापीठातल्या कॅरोलिन कार्डामोन यांनी हे काम हाती घेतले तेव्हा निवडलेला नमुना जवळपास तयार होता. 2009 मध्ये त्यांच्या गटाने सुमारे 250 ‘ग्रीन पी’ दीर्घिकांची नोंद प्रसिद्ध केली.

या दीर्घिका आकाराने आपल्या आकाशगंगेच्या सुमारे दशांश आणि वस्तुमानाने शतांश, तरीही तारे घडवण्याचा त्यांचा वेग मात्र कितीतरी पट जास्त. त्यांचा हिरवा रंगही त्याच घडामोडीतून आलेला. तप्त ताऱ्यांनी उद्दीपित केलेल्या ऑक्सिजनची एक प्रखर रेषा विश्वप्रसरणामुळे ताणली जाऊन स्लोनच्या चित्रात ज्या पट्ट्याला हिरवा रंग दिला होता, नेमकी त्यात येऊन पडत होती. तेवढ्यावर हे प्रकरण मिटले नाही. 2016 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या इझोटोव्ह आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसले की अशा एका दीर्घिकेतून हायड्रोजनचे आयनीभवन करणारे किरण बाहेर निसटत आहेत. विश्वाच्या बालपणी अवकाशभर पसरलेल्या वायूचे आयनीभवन कोणी केले, या मोठ्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने अतिप्राचीन दीर्घिका टिपल्या तेव्हा त्यांतल्या काही या मटारांच्या वर्णपटाशी आश्चर्यकारकपणे जुळल्या. मागितलेल्या सहा उत्तरांत न बसणारे ठिपके लोकांनी टाकून दिले नाहीत, म्हणून हा धागा हाती लागला.

मूळ प्रश्नांचीही उत्तरे मिळत गेली. निळ्या लंबगोल दीर्घिका सापडल्या. शाविन्स्की ज्यांच्या शोधात होते त्या याच. त्यांच्या उलट, सर्पिल असूनही तांबूस झालेल्या दीर्घिकांचा अभ्यास कॅरन मास्टर्स यांनी केला. तारेनिर्मिती थांबायला आकार मोडावाच लागतो असे नाही, दीर्घिका आपल्या भुजा शाबूत ठेवूनही म्हातारी होऊ शकते, हे त्यातून दिसले. रंग आणि आकार या दोन गोष्टी एकच समजण्याची सवय त्यानंतर अभ्यासकांना सोडावी लागली.

फेब्रुवारी 2009 मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात 3 लाखांहून अधिक दीर्घिकांविषयी बारकाव्याचे प्रश्न होते. भुजा किती, मध्ये दांडा आहे का, केंद्राचा फुगवटा केवढा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘झूनिव्हर्स’ हे व्यापक व्यासपीठ उभे राहिले आणि ही पद्धत खगोलशास्त्राबाहेर पसरली. कोणी जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांतून हवामान उतरवू लागले, कोणी सेरेंगेटीतल्या कॅमेऱ्यांत आलेले प्राणी ओळखू लागले.

हे सारे फुकटात करून घेतलेले काम नाही का, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. संशोधकांनी स्वयंसेवकांना विचारले तेव्हा सर्वाधिक लोकांनी, खऱ्या संशोधनाला हातभार लावायचा आहे, असेच कारण दिले. या इच्छेचा मान राखायचा तर तीन पथ्ये हवीत, असे मला वाटते. काम खरोखर गरजेचे असावे, निष्कर्ष आणि माहिती सर्वांसाठी खुली राहावी, आणि श्रेय नावानिशी द्यावे. गॅलक्सी झूने ही पथ्ये बऱ्याच अंशी पाळली. तरी एक उणीव उरतेच. हा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत चालतो, आणि जगातले बहुसंख्य कुतूहल इंग्रजी बोलत नाही.

दरम्यान संगणक शिकले, आणि शिकले ते या लोकांकडूनच. मंदा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये स्वयंसेवकांच्या उत्तरांवर एक न्यूरल नेटवर्क तयार केले. त्याची उत्तरे नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा माणसांशी जुळली. 2014 मध्ये याच माहितीवर झालेली खुली स्पर्धा सँडर डीलमन यांनी डीप लर्निंगच्या जोरावर जिंकली. आता माइक वॉम्सली यांची ‘झूबॉट’ ही प्रणाली आहे. जुलै 2023 मध्ये अवकाशात गेलेल्या युरोपच्या युक्लिड दुर्बिणीची चित्रे आली तेव्हा ऑगस्ट 2024 मध्ये महिनाभर 9,976 स्वयंसेवकांनी दीर्घिका ओळखून झूबॉटला शिकवले. मार्च 2025 मध्ये 3 लाख 80 हजार दीर्घिकांची वर्गवारी प्रसिद्ध झाली. यंत्र वेगवान आहे आणि न थकणारे आहे. पण त्याला दिलेल्या प्रश्नाचेच ते उत्तर देते. चित्राच्या कोपऱ्यातल्या डागाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारणे त्याला अजून साधलेले नाही, आणि म्हणून माणसे या कामातून बाद झालेली नाहीत.

या प्रवासाचे दोन धागे महाराष्ट्रातून जातात. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकवणारी गुरुत्वीय भिंगे लोकांकडून शोधून घेणारा ‘स्पेस वॉर्प्स’ उपक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याच्या तीन प्रमुखांपैकी अनुप्रीता मोरे आता पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संशोधन करतात. त्यांच्या पहिल्या मोहिमेत सुमारे 37,000 लोकांनी 4 लाख 30 हजार चित्रे पाहून भिंगांचे 29 नवे संभाव्य नमुने शोधले. दुसरा धागा नारायणगावजवळच्या खोडदचा. तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेनांच्या निरीक्षणांवर मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्राचे आनंद होता यांनी 2013 मध्ये ‘रॅड ॲट होम’ ही चळवळ उभी केली. तिची रीत ऑक्सफर्डपेक्षा वेगळी आहे. बटणे नाहीत, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणि पदवीधरांना शिबिरांत रेडिओ, दृश्य आणि अवरक्त चित्रे एकावर एक ठेवून वाचायला शिकवले जाते. या गटाने 2022 मध्ये एका कृष्णविवराचा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळत असल्याचे दाखवले. 2025 मध्ये युरोपच्या लोफार दुर्बिणीच्या माहितीतून त्यांनी अतिदूरचे एक दुहेरी रेडिओ वर्तुळ शोधून काढले.

गॅलक्सी झू आजही सुरू आहे आणि त्यात भाग घ्यायला नोंदणीचीही सक्ती नाही. आपल्याकडच्या विज्ञान शिक्षकांनी एखाद्या तासाला ते वर्गात उघडावे, प्रश्न मराठीत समजावून द्यावेत आणि मुलांना उत्तरे देऊ द्यावीत. एखाद्या मुलीने कोपऱ्यातल्या डागाबद्दल विचारले, तर तो प्रश्न तिच्या नावानिशी संशोधकांकडे पाठवावा.